बायनाचा हंडा

१२ सप्टेंबर २०२२
बेटावरून

चि. रोशेल हिस,
हेस्टरआत्याचे अ. आ.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. गुलामगिरीचा आणि तिच्या मागे जे उरलं त्याचा अभ्यास करायला राज्याने आयोग नेमला, आणि त्या आयोगाच्या कचेरीत तुला घेतलं, हे मी रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं. टाळ्या झाल्या. डीकन जुबल मात्र बाहेर पायरीवर मला म्हणाला की अभ्यासाला एवढी माणसं कशाला, त्यांना इकडे आण, मी लाल भात आणि कोळंबी खायला घालतो आणि सगळं सांगतो. मी म्हटलं, तुझं सगळं सांगून होईपर्यंत आयोगाची मुदत संपेल. तो हसला. पण मला त्याचं पटलं होतं.

मी आयोगाला नावं ठेवत नाही. शाळेत चाळीस वर्षं इतिहास शिकवला, एवढंच. गुलामीवरून झालेलं यादवी युद्ध संपल्यावर सरकारने इथल्याच बेटांवर सुटलेल्या आपल्या माणसांना जमिनी वाटल्या आणि थोड्याच दिवसांत जुन्या मालकांना परत केल्या. म्हणून सरकारी कागद आला की मी आधी चष्मा पुसते.

आता कामाचं. बंगल्यांची वसाहत बांधणाऱ्या कंपनीने काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांकडे, अर्ज केला आहे. खाडीकाठची आपली दफनभूमी त्यांच्या फाटकाच्या आत पडते, हे तुला माहीत आहे. तिथे त्यांना पाण्याकडे तोंड असलेली घरं बांधायची आहेत. अर्जात लिहिलं आहे की त्या जागेत आठ थडगी आहेत, ती सन्मानाने दुसरीकडे हलवू. आठ का, तर दगड आठ आहेत. ते दगड युद्धात लढलेल्या आपल्या शिपायांना सैन्याने दिलेले. बाकीच्यांना दगड कोण देणार होतं? मालक? आपल्याला बाकीचे दिसतात. आयोगाला ते कसे दाखवायचे, हे तू बघ. निकाल देण्याआधी काउंटी आयोगाचं मत मागवणार आहे.

गेल्या महिन्यात तुझ्या बापाला भेटून आले. फाटकावर सोनेरी अक्षरांत ‘प्लँटेशन’ असं लिहिलं आहे, गुलाम राबायचे त्या मळ्यांना म्हणायचे तेच, आणि तिथे राहायला लोक रांगा लावतात. रखवालदाराने माझं ओळखपत्र बघितलं, गाडीच्या काचेला पास चिकटवला आणि तासाभरात परत यायला बजावलं. माझी पणजी बायना लहान होती तेव्हा तिच्या आईला याच जमिनीवरून बाहेर पडायला मालकाचा पास लागायचा. मला आत जायला लागतो.

तुझ्या बापाच्या, सायरसच्या, डाव्या हाताची जागा माझी आहे. त्याला पुरलं त्याच दिवशी मी ती सांगून ठेवली. तू तेव्हा वर्षाची होतीस. रीतीप्रमाणे तुला त्याच्या पेटीवरून या हातातून त्या हातात दिलं, म्हणजे गेलेल्याचा जीव लहान मुलात अडकू नये. तू रडली नाहीस, जुबलच्या टोपीकडे बघत होतीस. मग तुझी आई तुला परत फिलाडेल्फियाला घेऊन गेली आणि तू शहरातली झालीस. तुझ्या लेकीचं, तामारचं, बाळ फेब्रुवारीत येणार म्हणतेस. त्यालाही माझ्या पेटीवरून पलीकडे द्यायचं आहे. मला घाई नाही, पण पोट दुखतं आणि पुलापलीकडच्या रुग्णालयात लवकरच चाचण्यांसाठी ठेवून घेणार आहेत.

फोन करू नकोस. तो फक्त औषधवाले आणि मतं मागणारे वापरतात.

माया आहे. ती पत्राने कळवत जा.
तुझी,
हेस्टरआत्या


१६ ऑक्टोबर २०२२
राजधानी

ती. आत्या यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही नको म्हणालात तरी मी फोन केला. कोणी उचलला नाही. चाचण्यांना गेला असाल असं धरून चालते आणि सगळं ठीक निघो अशी प्रार्थना करते.

आता आनंदाची बातमी. आयोगाची माणसं येत्या शनिवारी दफनभूमी बघायला येत आहेत. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती आहेत, बाई करड्या आहेत, तुमच्याशी जमेल. गेल्या बैठकीत मी जागेचे फोटो दाखवले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडलेल्या फांद्या, फुटक्या बशा, बाटल्या, काटे नसलेलं घड्याळ, दिव्याची काच. कंपनीचा वकील हळूच म्हणाला की लोक होड्यांतून कचरा आणून टाकतात आणि कुटुंबांपैकी कोणी फिरकत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ठरवलं, आपल्या माणसांना असं कोणी बघायचं नाही.

काल शहरातल्या चर्चची तरुण मंडळी बसमध्ये भरून घेऊन गेले. हातमोजे, दंताळी, पिशव्या, सगळं घेऊन. कंपनी आडवी येईल असं वाटलं होतं, पण व्यवस्थापकाने स्वतः फाटकावर येऊन सगळ्यांना पास दिले. वर कचरा न्यायला ट्रक दिला आणि थंड सरबत पाठवलं. आत्या, माणसं बदलतात बहुतेक. जुबलकाकांना मुद्दाम कळवलं नाही, त्यांनी मधेच प्रवचन सुरू केलं असतं आणि काम राहिलं असतं.

दिवसभर राबलो. एक तीन पायांचा लोखंडी हंडा कोपऱ्यात उपडा पडला होता. इतका रुतलेला की दोघांनी मिळून उपटला. एक हिरवा, बिनकानाचा कप झाडाच्या मुळात अडकला होता, तो मी स्वतः ओढून काढला आणि बोट कापून घेतलं. संध्याकाळी जागा अशी दिसत होती की बाबांना अभिमान वाटला असता. आठही दगड धुऊन पांढरे केले, आणि पाणी थेट दिसतं आता.

बऱ्या झालात की तुम्हाला घेऊन जाईन. तुमचा चेहरा बघायचा आहे.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.
आपली,
रोशेल


२५ ऑक्टोबर २०२२
बेटावरून

चि. रोशेल,
आशीर्वाद.

रविवारी घरी आले. टपालपेटीत तुझं पत्र होतं. ते उभ्यानेच वाचलं आणि जुबलला गाडी काढायला सांगितली.

मी तुला शिव्या देणार नाही. शाळेतही दिल्या नाहीत. आधी समजावून सांगायचे, मग छडी. तसंच करते.

आपल्याकडे माणूस गेला की त्याने शेवटी हाताळलेली वस्तू त्याच्या मातीवर ठेवतात. कप, औषधाची बाटली, दिवा. घड्याळ असेल तर बंद करून. ठेवताना ती फोडतात, म्हणजे मरणाची साखळी तिथेच तुटावी आणि घरातलं दुसरं कोणी मागोमाग जाऊ नये. ठेवलेलं कोणी हलवत नाही. झाड पडलं तर पडू देतात, गवत वाढलं तर वाढू देतात. ती जागा गेलेल्यांची. तिथे आवरायची आपली पद्धत नाही. तू ज्याला कचरा म्हणालीस ती आपली दफनभूमी होती.

काटे नसलेलं घड्याळ सुईणबाई रिबेकाचं. दिव्याची काच बुडून गेलेल्या दोघा भावांची, एकाच पेटीत पुरले होते. लोखंडी हंडा बायनाचा. बायना गुलाम म्हणून जन्मली आणि पोरवयात मोकळी झाली. तिच्या आईच्या काळात प्रार्थनेला बंदी होती. झोपडीत जमून गायचे तेव्हा हा हंडा दारात उपडा ठेवायचे, म्हणजे आवाज त्यात पडेल आणि मालकाच्या माणसाला ऐकू जाणार नाही असं मानायचे. बायना गेली तेव्हा तिच्या मुलीने तो वाकड्या ओकच्या झाडाखाली तिच्यावर तसाच उपडा ठेवला. तो तिथून कोणी हलवला नव्हता. वादळात छपरं उडाली, हंडा हलला नाही.

हिरव्या कपात तुझ्या बापाने शेवटची कॉफी प्यायली. तो कप त्याच्या पेटीबरोबर फिलाडेल्फियाहून आला. त्याचा कान मी तोडला.

फाटकावरच्या माणसाने आम्हाला हसून पास दिला. आत गेले तर मातीवर दंताळ्याच्या सरळ रेघा होत्या. मी सायरसला शोधत राहिले. कपाजवळचं मूळ आठवत होतं, पण तिथे सगळ्याच झाडांना मुळं आहेत. जुबल म्हणाला, थोडं पलीकडे असेल. मग म्हणाला, थोडं अलीकडे. मग तो गाडीत जाऊन बसला. माझी जागा आता मला दाखवता येत नाही.

आयोगाच्या माणसांनी शनिवारी काय बघितलं असेल? स्वच्छ जमीन आणि आठ दगड. कंपनीच्या अर्जात लिहिलं आहे, तेच.

ट्रक कुठे रिकामा केला, ते शोध. लगेच.

हेस्टरआत्या


४ नोव्हेंबर २०२२
राजधानी

ती. आत्या यांस,
सा. न. वि. वि.

शोधलं. काउंटीच्या कचरा डेपोवर गेले. त्या दिवशीच्या गाड्यांवर माती पसरून रोलर फिरवला आहे. तिथल्या माणसाला मी सगळं सांगितलं, तो डोक्यावरची टोपी काढून ऐकत राहिला आणि मग म्हणाला की खाली आहे ते खाली गेलं. लोखंड आधीच वेगळं काढून भंगारवाल्याला दिलं होतं. भंगारवाल्याने भट्टीला पाठवलं.

माझ्याकडचे फोटो पुन्हा पुन्हा बघते. सगळे लांबून काढलेले आहेत, दुर्लक्ष किती झालं ते दिसावं म्हणून. कुठली वस्तू कुठे होती ते त्यातून कळत नाही.

कंपनीच्या वकिलाने आयोगाला आभाराचं पत्र पाठवलं आहे. त्यात म्हटलं आहे की वंशजांनी स्वतः येऊन जागा साफ केली आणि त्यामुळे तिथे आठच थडगी आहेत हे सर्वांना स्पष्ट दिसलं. न्यायमूर्तीबाईंना मी खरं काय ते सांगितलं. जमिनीखालचं दाखवणारं यंत्र लावू द्या अशी त्यांनी कंपनीकडे मागणी केली. कंपनी म्हणते, खाजगी जागा आहे, निकालानंतर विचार करू. आणि या प्रकरणातून मला बाजूला केलं आहे. जानेवारीत बेटावर सुनावणी होईल, तिथे मला यायला मनाई आहे.

बोटाची जखम अजून भरत नाही. भरू नये असं वाटतं.

आत्या, एक ओळ तरी लिहा. छडीची सुद्धा चालेल.

आपली,
रोशेल


२१ जानेवारी २०२३
बेटावरून

चि. रोशेल हिस,
अ. आ.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण रागात लिहिलेलं पत्र परत घेता येत नाही. आता राग नाही, वेळही नाही. माझ्या स्वादुपिंडात गाठ आहे आणि ती पसरली आहे. डॉक्टर मुलगी फार चांगली, तिला सांगताना रडू येत होतं. मीच तिला रुमाल दिला. उन्हाळा मी बघणार नाही. हे वाचून बस पकडू नकोस, पूर्ण वाच.

परवा सुनावणी झाली. चर्च गच्च भरलं होतं, दोन वर्तमानपत्रांची माणसं आली होती. वकील फार गोड बोलला. मला म्हणाला, मॅडम, आपल्या भावनांचा आम्हाला आदर आहे, पण बाकीची थडगी आहेत याला आधार काय? मी म्हटलं, आधार तुमच्या ट्रकमधून गेला. लोक हसले. न्यायमूर्तीबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मिस मंगिन, मला तुमचं खरं वाटतं, पण वाटण्यावर मला मत देता येत नाही. बाईचं बरोबर आहे. मीही उत्तरपत्रिकेला तसे गुण दिले नसते.

मग मी वाद सोडून दिला. तुला आश्चर्य वाटेल. मी एवढंच म्हटलं की मी मरते आहे आणि मला माझ्या लोकांत पुरावं. एक जागा द्या. वकील व्यवस्थापकाच्या कानाला लागला. वर्तमानपत्रवाले लिहीत होते, नाही म्हणणार कसे? व्यवस्थापक उठून म्हणाला की कंपनीच्या मनात या समाजाबद्दल प्रेम आहे आणि मॅडमना जागा मिळेल.

मी विचारलं, कुठे? त्यांनी नकाशा पसरला. मी म्हटलं, कोणाच्या अंगावर मला पडायचं नाही, जिथे कोणीही नाही अशी जागा दाखवा. त्यांनी दगडांपासून लांब, एका कोपऱ्यात बोट ठेवलं. मी विचारलं, इथे कोणी नाही ना? म्हणाले, कोणी नाही. मी पुन्हा विचारलं, वर्गात विचारायचे तसं, पूर्ण वाक्यात उत्तर द्या म्हणून. वकिलाने पूर्ण वाक्यात सांगितलं की ही जमीन मोकळी आहे आणि इथे कधीही कोणाला पुरलेलं नाही. न्यायमूर्तीबाईंनी ते लिहून घेतलं. खणताना आयोगाने आणि पुरातत्त्व खात्याने हजर राहावं अशी मी विनंती केली, तीही मान्य झाली.

बाहेर आल्यावर जुबल माझ्यावर तडकला. म्हणाला, हेस्टर, मरायच्या आधीच तुझी अक्कल गेली, त्यांच्या दारात भीक मागितलीस. मी त्याला गाडी चालव म्हटलं.

काळजी घे. जेवत जा.
हेस्टरआत्या


१२ फेब्रुवारी २०२३
राजधानी

ती. आत्या यांस,
सा. न. वि. वि.

तामारला मुलगा झाला. बाळ बाळंतीण सुखरूप. नाव सायरस ठेवलं आहे. अजून नाजूक आहे, ओकलंडहून इतक्या लांबच्या प्रवासाला डॉक्टर नाही म्हणतात.

तुम्ही बस पकडू नको म्हणालात, मी पकडणार आहे. पण आधी विचारते. बाबांच्या शेजारची जागा सोडून तुम्ही कंपनीने दाखवलेला कोपरा का घेतलात? तुम्ही आयुष्यात कोणी दिलेली खुर्चीसुद्धा घेतली नाहीत, आपली ओढून आणलीत. मला जुबलकाकांसारखंच वाटलं. मी वकील बघते, आपण लढू. माझ्यामुळे तुमची जागा गेली, ती परत मिळवू द्या मला.

आपली,
रोशेल


६ मार्च २०२३
पुलापलीकडे, रुग्णालय

चि. रोशेल हिस,
आणि छोट्या सायरसला, अ. आ.

अक्षर वाकडं येतं, माफ कर. माझ्या विद्यार्थ्यांनी असं लिहिलं असतं तर पुन्हा लिहायला लावलं असतं.

तू दहा दिवस राहून गेलीस ते बरं झालं. तुझा लाल भात अजून गिचका होतो. परत येशील तेव्हा घरून माझा निळा कप आण. इथे प्लास्टिकचे पेले देतात, ते फुटत नाहीत. साखळी तुटायची कशी? आता पाणी त्या कपातूनच पिणार आहे.

समोर बसून तू चार वेळा विचारलंस आणि मी विषय बदलला. आताही सांगत नाही. तुझा चेहरा तुझ्या बापासारखा आहे, त्यावर सगळं दिसतं, आणि तिथे तो सगळ्यांना दिसणार आहे. फक्त सांगते तसं कर.

कंपनी देईल ती जागा निमूट घे. वाद नको. जुबलच्या पुतण्यांनी खणायचं, फावड्याने, हळू. कंपनी यंत्र देऊ करेल, घ्यायचं नाही. न्यायमूर्तीबाई आणि पुरातत्त्व खात्याची बाई पहिल्या फावड्यापासून काठावर उभ्या पाहिजेत. काही लागलं तर हात थांबवायचे आणि त्यांना बघू द्यायचं. मी गाडीत थांबेन, मला कुठे जायचं आहे?

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. मला कोणाच्याही वर ठेवायचं नाही. तिथे जागा नाहीच असं ठरलं, तर मला पुलापलीकडे सार्वजनिक दफनभूमीत न्या. सायरसजवळ झोपायचं होतं. पण तो तिथे कुठेतरी आहे आणि त्याच्यावर कोणाचं स्वयंपाकघर बांधलं जाऊ नये, एवढं मला पुरे आहे. यावर रडायचं असेल तर घरी रड. तिथे डोळे कामाला ठेव.

कपाबद्दल तुला मी माफ केलं आहे. हे लिहून दिलं म्हणजे पुन्हा विचारायचं नाही.

माझी माया तुझ्याकडे ठेवून घे.
हेस्टरआत्या


१८ एप्रिल २०२३
बेटावरून

चि. तामार हिस,
आईचे अ. आ. छोट्या सायरसला गोड पापा.

फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. आत्याची सवय मला लागली आहे.

आत्या गेली तेव्हा मी जवळ होते. निळ्या कपातून दोन घोट पाणी घेतलं आणि कप बाजूला ठेव म्हणून बोटाने दाखवलं. मार्चच्या शेवटच्या शनिवारी आम्ही तिला घेऊन फाटकावर गेलो. शववाहिकेच्या काचेला पास चिकटवला.

व्यवस्थापक फुलं घेऊन आला होता. कोपऱ्यात लाल झेंड्या लावून जागा आखली होती. मी वर बघितलं, वाकडा ओक होता. हंडा जिथून मी उपटायला लावला तोच कोपरा. त्यांना तो मोकळा दिसला, कारण मी तो मोकळा केला होता. तेव्हा मला कळलं, आत्या एवढी निमूट का झाली होती. जुबलकाकांनाही त्याच क्षणी कळलं. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मी मान खाली घातली, चेहरा कोणाला दिसू नये म्हणून.

पुतणे खणायला लागले. हात-दीड हात खाली गेल्यावर फावडं कशावर तरी वाजलं आणि ते थांबले. खात्याची बाई खाली उतरली, ब्रशने माती सारली. मोठा पांढरा शंख होता, तोंड खाली. त्याच्यापुढे दुसरा. अशी ओळच निघाली, थडग्यावर मांडतात तशी, माणसाच्या उंचीची. तिच्या कडेने आत काळी माती आणि पेटीचा गंजलेला खिळा. बाई वर बघून म्हणाली, इथे कोणीतरी आहे. जुबलकाकांनी टोपी काढली आणि म्हणाले, कोणीतरी काय, आमची बायनामाय आहे.

व्यवस्थापक म्हणाला की योगायोग असेल, जरा अलीकडे खणा. न्यायमूर्तीबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, जागा तुम्हीच दाखवा. त्याने दाखवली. तिथेही लाकडाचा चुरा आणि खिळे लागले. मग तो स्वतः बराच लांब जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, इथे. तिथे जे लागलं ते फार लहान होतं, तामार. पुतण्याने फावडं खाली ठेवलं आणि आता मी नाही खणणार म्हणाला. त्याचं स्वतःचं मूल तेवढंच आहे. न्यायमूर्तीबाईंनी सगळं थांबवलं. वकिलाचं ते पूर्ण वाक्य त्यांनी वहीतून काढून त्याला वाचून दाखवलं.

एवढा वेळ आत्या गाडीत होती. आम्ही मातीची माफी मागितली, शंख जसेच्या तसे झाकले आणि गाणं म्हटलं. मग शववाहिका रुग्णालयाच्या शवागाराकडे वळवली.

आयोगाने मत दिलं आणि काउंटीने अर्ज फेटाळला. कंपनी वरच्या कोर्टात गेली आहे, ते चालेल. पण पूर्ण जागेची यंत्राने पाहणी होईपर्यंत तिथे कोणीही खणायचं नाही, घरासाठीही नाही आणि माणसासाठीही नाही. त्या हुकुमाखाली आत्याही आली. पाहणीत तिथे किती माणसं आहेत ते कळेल. कोण कुठे आहे ते कळणार नाही. तुझ्या आजोबांची जागा मला आता कधीच सापडणार नाही, आणि ते माझ्या हातांनी झालं आहे.

गेल्या आठवड्यात आत्याला पुलापलीकडे पुरलं. ओळीत, नंबर असलेल्या जागेत, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. मी निळा कप दगडावर आपटून फोडला आणि तिच्यावर ठेवला. काल पुन्हा गेले तर तिथला झाडूवाला पिशवी घेऊन आत्याजवळच उभा होता. हातात मोजे. मला म्हणाला, बाई, हे फुटकं इथे कोणी टाकलं माहीत आहे का, मला सोमवारी सगळं उचलावं लागतं. माणूस सभ्य होता, आपलं काम करत होता. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. मग मी त्याला तिथेच गवतावर बसवलं आणि सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, माझ्या ट्रकसकट. त्याने पिशवीची घडी घालून खिशात ठेवली. पुढच्या सोमवारी दुसरा कोणी असेल, त्यालाही सांगावं लागेल. मी इथेच राहायचं ठरवलं आहे, आत्याच्या घरात.

बाळ जरा मोठं झालं की त्याला घेऊन ये. पेटी आता खाली गेली, पण जुबलकाका म्हणतात मातीवरून पलीकडे दिलं तरी चालतं. एका बाजूला ते उभे राहतील, एका बाजूला मी. टोपीही घालून येणार आहेत.

येशील तेव्हा पायाखाली बघून चाल. काही फुटकं दिसलं तर उचलू नकोस.

तुझी,
आई